हे अक्षर माझं नाही

माझे वडील जन्मात कधी घोड्यावर बसले नाहीत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. इनामगावच्या खालच्या अंगाला घोडनदीच्या काठानं ती चारायची, आणि बिऱ्हाड वाहायला एक म्हातारं तट्टू असायचं. त्या तट्टालाही वडील लहानपणी भ्यायचे, असं आमची आत्या सांगायची. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गावाला ते गुरुजी. पण घोडदळाच्या शब्दांचा नाद त्यांना असा लागला होता की आमच्या दौंडच्या दोन खोल्यांत मीठमिरचीपेक्षा खोगीर, रिकीब आणि तोबरा यांचीच नावं जास्त निघायची. जेवताना ते मध्येच भाकरीचा घास हातात धरून थांबायचे. “शालन, खोगीर म्हणजे काय?” मी म्हणायची, “घोड्याच्या पाठीवर घालतात ते.” “हे झालं पोराटोरांचं उत्तर. फारसीत खोय म्हणजे घाम. घाम धरून ठेवतं ते खोगीर. म्हणजे मूळ वस्तू बसायची नव्हे, घाम टिपायची.” आई कालवणाचं पातेलं त्यांच्यापुढं सरकवत म्हणायची, “घास गिळा आन् मग काय टिपायचं ते टिपा.”

हा नाद शिरूरचा. आप्पा आधी तिथं मास्तर होते आणि आईचं माहेरही तिथलंच. जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणत. गोऱ्यांच्या वेळी तिथं घोडदळाची छावणी होती, आणि पेन्शनीत निघालेले कितीतरी स्वार तिथंच घरं बांधून राहिले. त्यांतले एक कासम दफेदार. आईच्या माहेरच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आईला सख्खा भाऊ नव्हता, ती लहानपणापासून भाऊबीजेला त्यांनाच ओवाळायची, म्हणून आमचे ते कासममामा. उंच, वाळके, गुडघ्यांत बाक आलेले पाय, आणि कितीही वेळ बसले तरी पाठ भिंतीला टेकायची नाही. घोडदळाचा सगळा संसार त्यांच्या डोक्यात शाबूत होता. कोणत्या पट्ट्याला काय म्हणायचं, घोडा अंग चोरायला लागला की त्या खोडीचं नाव काय, पागेत सकाळी पहिली हाक कोणती. घोडे गेले आणि रणगाडे आले तेव्हा ते नोकरीतून बाहेर पडले होते. “लोखंडाला मालिश करता येत न्हाई,” एवढंच म्हणायचे. त्यांची कपबशी आमच्या घरात वेगळी होती, फडताळाच्या वरच्या फळीवर. आई ती घासूनपुसून लख्ख ठेवायची, पण ठेवायची वेगळीच. हे लिहायला मला आवडत नाही. पण या प्रकरणात न आवडणारं बरंच लिहायचं आहे.

आप्पांनी एकदा ‘पागा’ या शब्दावर लेख लिहून पुण्याच्या एका मासिकाकडं धाडला. महिन्याभरानं तो परत आला. समासात निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द होता : ‘आधार?’ धनगराच्या पोरानं फारसी शब्दांची मुळं सांगायची म्हणजे आधार विचारणारच, असं आप्पा हसत म्हणाले. पण ते त्यांना लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक पद्धत घातली. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या करायच्या, एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली अर्थ, त्याखाली मूळ, आणि शेवटी ‘सांगणारा : कासम दफेदार, घोडनदी’. त्यापुढं मामांनी सही करायची. मामांना लिहिता फक्त सहीच यायची, पलटणीत शिकलेली, इंग्रजी अक्षरांत. शेवटच्या अक्षराला ते असा जोरात फटकारा मारायचे की कधीकधी कागद फाटायचा. आप्पांची बदली दौंडला झाली तरी मामा एका रविवाराआड एसटीनं यायचे, धोतराच्या सोग्यात आमच्यासाठी शेंगा, थंडीच्या दिवसांत हुरडा, आणि डोक्यात पाच-सहा नवे शब्द. चारशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या होत्या. बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात त्या अकारविल्हे लावलेल्या असायच्या, आणि त्या डब्याला आम्हा भावंडांपैकी फक्त मला हात लावायची परवानगी होती. कारण आप्पांचं अक्षर किरटं, तेही घाईचं. माझं गोल आणि सुटं. शेवटची दोन वर्षं सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहीत होते.

दौंडचं ते घर रेल्वेच्या हद्दीला लागून होतं. दिवसभर डबे इकडचे तिकडं ढकलले जायचे, एकावर एक आदळायचे आणि फडताळातली भांडी किणकिणायची. वाळत घातलेल्या धोतरावर कोळशाचे कण पडायचे. आई इंजिनाच्या नावानं बोटं मोडायची आणि तोच रेल्वेचा अर्धा जळका कोळसा बंबात घालायची. रविवारी मामा आले की ती हुलग्याची शेंगोळी करायची, लसणाचा वास बाहेर रस्त्यापर्यंत जायचा. जेवणं झाली की मामा पाय लांब करून बसायचे, आप्पा समोर मांडी घालून, आणि मी मध्ये चिठ्ठ्या घेऊन. मामा वस्तू सांगायचे, आप्पा तिचं मूळ सांगायचे. बारगीर म्हणजे ओझं पेलणारा, असं आप्पांनी सांगितलं तेव्हा मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. “वझं? गुरुजी, बारगीर म्हंजी दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा गडी. शिलेदाराचा सोताचा घोडा, बारगिराचा दुसऱ्याचा. यवढंच.” आप्पा म्हणाले, “पण शब्दाच्या पोटात ओझंच आहे, मामा.” मामा म्हणाले, “आसंल. दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचं म्हंजी वझंच की.” आप्पा इतके खूष झाले की त्यांनी ते वाक्य तसंच्या तसं चिठ्ठीवर लिहायला लावलं. माझ्या बालपणातला सुखाचा भाग कुठला, असं कोणी विचारलं तर मी त्या दुपारी सांगेन.

मामांचा एकुलता एक मुलगा युसूफ रणगाड्यांच्या पलटणीत होता. घोडे जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथं पलटणीला रिसालाच म्हणत, आणि लोखंडात बसणाऱ्या पोराला सवार. सवार या शब्दात जुना अश्व दडलेला आहे, असं आप्पा सांगायचे. रिसाल्याचं मूळही त्यांनी काढलं होतं. अरबीत त्याचा अर्थ धाडलेलं पत्र. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारे पुढची हकिगत ऐकून मान डोलावतात, जणू शब्दानंच सगळं ठरवलं होतं. शब्दानं काही ठरवलं नाही. जे केलं ते आम्ही केलं.

युसूफदादा सुट्टीवर आला की आमच्याकडं हमखास यायचा. सातवीपर्यंत शिकलेला, हसरा, बापासारखाच ताठ बसणारा. त्यानं एकदा सहज सांगितलं की रणगाडा पुसायच्या वेळेला त्यांच्यातले जुने लोक अजून मालिशच म्हणतात. आप्पा उठून उभेच राहिले. घोड्याचे शब्द लोखंडावर कसे चढले, याची नवी खाणच त्यांना सापडली. त्या दिवसापासून युसूफदादाला पत्रं जायला लागली. आप्पा दाढी करता करता सांगायचे, मी लिहायची. तोफेच्या नळीला तुम्ही आपसात काय म्हणता? गोळा भरणाऱ्याला काय म्हणता? रणगाडे ओळीनं उभे करतात त्या ओळीला काय नाव? खाली सही म्हणून ‘आपला, गुरुजी’, एवढंच. तीही मीच करायची. युसूफदादाची उत्तरं यायची, चुकतमाकत लिहिलेली, आणि शेवटी एक ओळ असायचीच : शालनला सांगा, अक्षर लई झ्याक हाय, आमच्या सगळ्या बराकीला दाखवलं.

शेवटचं पत्र गेलं ते लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी. पहारेकरी अंधारात ‘हुकूमदार’ असं ओरडतो, ते मुळात इंग्रजीतलं ‘कोण येतंय तिथं’ हे वाक्य आहे, हे आप्पांना मामांकडून कळलं होतं आणि ते त्यानं हरखून गेले होते. मग समोरचा काय उत्तर देतो? ओळख पटवायला एक शब्द असतो, तो कोणता? मी ओळ लिहिली ती मला अजून पाठ आहे. ‘सध्या तुमच्याकडे रात्री ओळखीचा शब्द कोणता चालतो व तो कोणत्या भाषेतला आहे, हे अवश्य कळवावे.’ सरहद्दीवर जायला निघालेल्या सवाराला आम्ही ओळखीचा शब्द विचारला. आप्पांना त्यात शब्दाचं मूळ दिसत होतं, दुसरं काहीही दिसत नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पत्र मीच पेटीत टाकून आले.

मग लढाई सुरू झाली. दौंड जंक्शन म्हणून तिथं फार कडक होतं. दिव्यांना काळे कागद, खिडक्यांना काळे कागद, आणि लोकांच्या तोंडी एकच विषय, हेर. कुणी नवा फेरीवाला दिसला की पोरं त्याच्या मागं लागायची. वरवंडच्या शिवारात कुणीतरी आकाशातून उतरलं अशी आवई उठली आणि गावं काठ्या घेऊन रानात गेली, तिथं एक वाट चुकलेला वेडा सापडला, त्यालाच मारला. आप्पा शाळेत मुलांना पलटणींची माहिती सांगायचे. आमच्या घरात युसूफदादाचं नाव रोज निघायचं, आई देवापुढं त्याच्यासाठी वेगळी वात लावायची.

फौजदार आला तो सकाळी, आप्पा शाळेला निघायच्या बेतात असताना. बरोबर एक शिपाई होता. माणूस तुसडा नव्हता, उलट दमलेला दिसत होता. चपला बाहेर काढून आत आला. आईनं चहा टाकला. मी कप-बश्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून आप्पांच्या हातात दिला होता. मी दारातूनच ओळखला.

“कासम दफेदाराच्या पोराच्या पेटीत सापडलंय,” फौजदार म्हणाला. “वरून चौकशी आलीय. पोरगं म्हणतंय, हे आमच्या गुरुजींनी धाडलं, शब्दांचं पुस्तक करतायत म्हणून. खाली पत्ता न्हाई, नाव न्हाई. तुमचं हाय का हे?”

आप्पांनी चष्मा लावला. एका पानाचं पत्र ते किती वेळ वाचत होते कोण जाणे. बाहेर डबे आदळले, भांडी किणकिणली. मी ट्रे धरून उभी होते आणि मला वाटत होतं, आता आप्पा मान वर करतील, मला हाक मारतील, म्हणतील, ही माझी मुलगी, हिनं लिहिलं, मी सांगितलं, आणि तो डबा आणायला लावतील. शब्दाच्या मुळाबद्दल पुण्याच्या विद्वानाशी भांडायला तयार असलेला माणूस तो. खोटं मूळ छापलेलं दिसलं तर रात्रभर तळमळणारा.

“हे अक्षर माझं नाही,” आप्पा म्हणाले.

आणि ते खरं होतं.

“तसं लिवून द्याल?” फौजदारानं विचारलं. आप्पांनी त्याच कागदाच्या शेजारी दुसरा कागद ठेवून आपल्या किरट्या अक्षरात लिहून दिलं. फौजदारानं दोन्ही कागद उजेडात धरले. “जमीन-अस्मानाचा फरक हाय. मग त्यानं तुमचं नाव उगंच घेतलं म्हणायचं.” आप्पांनी मान हलवली की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. फौजदारानं चहा घेतला, साखर बरोबर पडली म्हणून कौतुक केलं, आणि जाता जाता मला विचारलं, “काय शिकतीस, बाळ?”

“मॅट्रिक झाले. ट्रेनिंग कॉलेजात नंबर लागलाय.”

“वा. मास्तरणीचं अक्षर मात्र चांगलं पायजे बरं का.”

मी “हो” म्हटलं. ती दोन उत्तरं सोडली तर मी त्या दिवशी काहीही बोलले नाही. तेव्हाचे आप्पा पंचेचाळिशीचे असतील. आज माझा धाकटा मुलगा त्याहून मोठा आहे, आणि त्या वयाची माणसं किती घाबरट असू शकतात हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून आप्पांवरचा माझा राग कधीच निवला. स्वतःवरचा निवत नाही, कारण सतरा वर्षांची मुलगी एवढी घाबरट असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी डबा बंबापाशी नेला. आईनं विचारलं, “ह्ये काय करताय?”

“यावर शालनचं अक्षर आहे. पत्रावरही तेच. कुणी लावून बघितलं तर?”

“मंग बघू दे की. खरं काय त्ये सांगा. कासमदादाचं पोरगं हाय त्ये.”

“लढाई चाललीय. नोकरी जाईल. हिचा नंबर जाईल, हिला जन्मभर कोणी पदरात घेणार नाही. तुला कळतंय का मी काय म्हणतो ते?”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली. आप्पांनी मूठ मूठ चिठ्ठ्या बंबाच्या नळीत सोडल्या. उत्तरपत्रिकांचा कागद जाड, लवकर पेटेना, तेव्हा त्यांनी लोखंडी सळईनं त्या खाली ढोसल्या. मी मदत केली. शेवटची मूठ मीच टाकली. त्या दिवशी पाणी कधी नव्हे इतकं कढत झालं आणि आम्ही सगळ्यांनी त्याच पाण्यानं आंघोळी केल्या.

आठवड्यानं मामा आले. रविवार नव्हता. पहिल्या एसटीनं आलेले, हातात शेंगा नव्हत्या, टोपी मात्र कडक इस्त्रीची. युसूफला रणगाड्यावरून उतरवून बाजूला बसवून ठेवलंय, पलटण पुढं गेली, असं त्यांना कळलं होतं. “गुरुजी,” ते म्हणाले, “तेवढा आपला डबा द्या. फौजदाराला दावतो. माझी सही हाय समद्या चिठ्ठ्यांवर. ह्यो शब्दांचा नाद हाय, दुसरं कायबी न्हाई, ह्ये त्याला दिसंल.”

आप्पा दोन दिवसांपासून ताप म्हणून पडून होते. अंगाला हात लावला तर गार लागायचं. ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “मामा, वाळवी लागली हो सगळ्याला. पावसाळ्यात बघितलंच नाही.”

 पत्र्याच्या डब्याला वाळवी कशी लागली, हे मामांनी विचारलं नाही. त्यांना संशय आला नाही, की आला आणि त्यांनी तो गिळला, हे मला कधी कळलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मंग परत लिवा. समदं हाय माझ्या डोक्यात. शालन, बस पोरी.”

मी उठले, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “शालन नको. तिचं बोट भाजलंय. बाळू लिहील.” बाळू माझा धाकटा भाऊ, सहावीतला. मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. आई आतून फडक्याची चिंधी घेऊन आली आणि तिनं माझ्या धडधाकट बोटाला ती गुंडाळली.

मामांनी त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शब्द सांगितले. पाठ भिंतीला न टेकता. नव्या वहीची पानं कापून बाळू लिहीत होता, मोडक्या अक्षरात, जीभ बाहेर काढून, आणि मामा प्रत्येक चिठ्ठीवर सही करून फटकारा मारत होते. मध्ये दोनदा त्यांनी मला विचारलं, “बोट लई ठणकतंय का गं? कोरफड लाव त्याला.” बारगीर आला तेव्हा बाळूनं मूळ काय लिहू म्हणून विचारलं. मामांना आठवेना, आणि मला आठवत होतं तरी मी चिंधीचं बोट धरून बसून राहिले. तेव्हा पांघरुणातून आप्पांचा आवाज आला, “बार म्हणजे ओझं.” त्यांना राहवलंच नाही. मामांनी तिकडं बघितलं आणि हसले, नेहमीच्या रविवारासारखे. त्यांना वाटलं असणार, गुरुजींचा ताप उतरतोय.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच ठाण्यावर गेले आणि तासाभरानं परत आले. आमच्या उंबऱ्यावर बसले. “फौजदार म्हनला, म्हातारबा, शाई अजून बोटाला लागतीया. पोराच्या हातचा आभ्यास आणलाय व्हय मला दावाया? म्हनला, ह्यानं तुमच्या पोराचं आनखी वाईट हुईल.” मग ते आत वाकून म्हणाले, “गुरुजी, ताप उतरला की आपण दोघं जाऊ. तुम्ही सोता सांगितलं की त्याला पटंल.” आप्पा म्हणाले, “हो, जाऊ.” ते कधी गेले नाहीत. मामांनी पुन्हा विचारलंही नाही.

युसूफदादाच्या जागी दुसरा पोरगा त्या रणगाड्यात बसला. तो रणगाडा आतल्या माणसांसकट जळाला. चौकशीत काही निघालं नाही, पण खोटं नाव सांगितलं हे कागदावर राहिलं, आणि काही महिन्यांनी युसूफदादाला गरज नाही म्हणून घरी पाठवलं. मामा तोवर खचले होते. चौकात जुने पेन्शनवाले जमायचे, तिथं जायचं त्यांनी सोडलं. कुणी म्हणे दफेदाराचं पोरगं नशिबानं वाचलं, कुणी त्याहून वाईट म्हणे, आणि ते मुद्दाम ऐकू येईल असं म्हणे. वर्ष पुरं व्हायच्या आत मामा गेले. आई मातीला जाऊन आली, अंगणातच आंघोळ केली, आणि ओल्या लुगड्यानं आप्पांच्या समोर उभी राहून म्हणाली, “माझं माहेर तुम्ही बंबात घातलं.” त्यानंतर त्या दोघांचं बोलणं कामापुरतं राहिलं. आप्पांनी कुठल्याही शब्दाचं मूळ पुन्हा काढलं नाही. वर्गात एखाद्या मुलानं विचारलं तर म्हणायचे, मला माहीत नाही.

मी ट्रेनिंग पुरं केलं, नोकरी लागली. पहिली नेमणूक कारेगावच्या शाळेत, त्यामुळं शिरूरवरून जाणं-येणं व्हायचं. युसूफदादा तिथं एका लाकडाच्या वखारीत फळ्या उतरवायचं काम करायचा. वर्षभर मी वखारीसमोरून मान खाली घालून जात होते. एका शनिवारी त्यानंच हाक मारली. “शालन! मास्तरीण झालीस की गं.” अंगावर भुसा, केस पिकायला लागलेले, बसायला एक ओंडका पुढं सरकवला. चहा मागवला. आईची तब्येत विचारली, बाळूचं विचारलं, आप्पांचंही विचारलं. मी पेला हातात धरून बसले होते. मला राहवेना, म्हणून मी विचारून टाकलं.

“युसूफदादा, ते अक्षर माझं आहे हे तुला माहीत होतं. तू त्यांना सांगितलं का नाहीस? माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तरी सगळं मिटलं असतं.”

“आगं, पोरीचं नाव पोलिसाच्या कागदावर कशाला घालायचं?” तो म्हणाला. त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “तुझी नोकरी लागायची व्हती, लगीन व्हायचं व्हतं. मला वाटलं, गुरुजी हायेत की. गुरुजी सांगत्याल.”

 त्यानं बनियनवरचा भुसा झटकला.

“एक इचारू? फौजदार तुमच्या घरी आला तवा तू घरात व्हतीस का?”

“नाही,” मी म्हटलं. “मैत्रिणीकडं गेले होते.”

युसूफदादानं मान डोलावली. किती दिवसांचं कोडं सुटल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला.

“तरीच,” तो म्हणाला.